एका वेळी एकच बेस

परवा जुन्या सेट्सच्या फायली आवरत होते. त्यात डीजे म्हणून माझ्या तिसऱ्या की चौथ्या जाहीर सेटचं रेकॉर्डिंग सापडलं, दीड तासाचं. उघडलं आणि थेट ४१व्या मिनिटावर गेले, कारण तो क्षण मला अजून आठवतो. तिथवर सगळं छान चाललं होतं, समोरची माणसं रंगात आली होती, आणि मी पुढचं गाणं आत घेतलं. दोन्ही गाणी १२८ बीपीएमवर (मिनिटाला १२८ ठोके), बीट जुळलेली, फेडर (आवाजाची सरकपट्टी) हळूहळू वर. आणि समोरची हालचाल मंदावली. कोणी थांबलं नाही, कोणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. खांद्यांतली उसळी तेवढी गेली. वीस-पंचवीस सेकंदांनी जुनं गाणं बाहेर पडलं तेव्हा ती परत आली.

त्या रात्री मी समजले की गाण्याची निवड चुकली. पुढचे कित्येक दिवस ती दोन गाणी मी एकमेकांजवळ आणलीच नाहीत. परवा हेडफोन लावून शांतपणे ऐकलं तेव्हा खरं कारण इतकं उघड होतं की मी तो तुकडा चार वेळा मागे नेऊन ऐकला. फेडर वर जातो तसा खालचा आवाज आधी फुगतो, मग काही सेकंदांत पोकळ होतो, मग पुन्हा फुगतो. किक, म्हणजे ड्रमचा खालचा ठोका, आहे, पण तिच्यातला दणका गेलाय. दोन्ही गाण्यांचा लो नॉब, म्हणजे बेसचा, घड्याळाच्या काट्यासारखा बारावर होता, मधोमध, न वाढवलेला न कापलेला. मी ईक्यूला, म्हणजे लो, मिड आणि हाय या तीन नॉबना, हातच लावला नव्हता.

हे का होतं ते समजून घेतल्यावर माझी मिक्स करायची पद्धतच बदलली, म्हणून जरा सविस्तर सांगते. किकचा जो भाग छातीत जाणवतो तो साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे दोन किक एकमेकींपासून १० मिलिसेकंद सरकल्या, तर एकीची लहर वर असते तेव्हा दुसरीची खाली, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तंतोतंत जुळल्या, तर उलट सहा डेसिबलपर्यंत वाढ होते आणि आवाजाची पातळी दाखवणारा मीटर लाल होतो. १० मिलिसेकंदांच्या फरकात कानाला दोन वेगळे ठोके ऐकू येत नाहीत, बीट जुळलेलीच वाटते. आणि टेम्पोत ०.१ टक्का जरी फरक राहिला, तरी १० सेकंदांत तेवढं सरकणं होऊनच जातं. माझ्या त्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं हेच ऐकू येतं: फुगणं, पोकळ होणं, परत फुगणं.

सिंक, म्हणजे यंत्राने आपोआप बीट जुळवणं, लावलं की हा प्रश्न सुटतो असं बऱ्याच जणांना वाटतं. सुटत नाही. सिंक बीटच्या खुणा जुळवतं. प्रत्येक गाण्यातली किक वेगळी घडवलेली असते, एकीची लहर वर सुरू होते, दुसरीची खाली, एकीची शेपूट लांब, दुसरीची आखूड. खुणा जुळल्या तरी लहरी जुळतील याची खात्री नाही. शिवाय नुसती किक नसते, खाली बेसलाइनही असते, आणि दोन बेसलाइन्सचे सूर वेगळे असले तर तळाशी चिखल होतो. वरच्या पट्टीतले दोन विसंगत सूर निदान वेगळे ओळखू येतात. खाली ते नुसते गुरगुरतात.

म्हणून पहिला नियम, आणि माझ्यापुरता हा एकच खरा नियम आहे: एका वेळी एकाच गाण्याचा बेस. बाकी सगळं परिस्थिती बघून.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या दादांनी हे सुरुवातीलाच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. मी तेव्हा फेडर किती गुळगुळीत सरकवता येतो यातच गुंतलेली असायचे. ते मागे उभे राहून ऐकायचे. एकदा म्हणाले, "तू गाणं आत आणतेस, पण त्याला बसायला जागा करत नाहीस." मला वाटलं, जागा म्हणजे जुन्या गाण्याचा आवाज कमी करणं. मी जुना फेडर लवकर खाली घ्यायला लागले, तर मिक्स आणखी वाईट झाला, मधेच सगळी ताकद गेल्यासारखा. जागा करायची म्हणजे आख्खं गाणं मागे ढकलायचं नसतं. त्याचा जो भाग नव्या गाण्याच्या वाटेत येतो, तेवढाच बाजूला घ्यायचा.

आता प्रत्यक्ष हात कसे चालतात ते सांगते. नवं गाणं हेडफोनमध्ये जुळवून झालं की फेडर वर घ्यायच्या आधीच त्याचा लो पूर्ण डावीकडे, हाय साधारण दहावर, मिड नऊ-दहाच्या मधे. मग जुन्या गाण्याच्या आवर्तनाच्या समेवर नवं गाणं सोडायचं. बहुतेक नृत्यसंगीत चार मात्रांच्या बारांत आणि ८ किंवा १६ बारांच्या आवर्तनांत बांधलेलं असतं. १२८ बीपीएमला १६ बार म्हणजे बरोबर ३० सेकंद. हे ३० सेकंद माझ्या अंगात इतके भिनलेत की मला आता मोजावं लागत नाही. पहिल्या १६ बारांत नव्या गाण्याचे वरचे आवाज हळूहळू ऐकू यायला लागतात, शेकर, हॅट (ड्रमच्या झांजा), एखादा कॉर्ड. तळ अजून जुन्या गाण्याचाच असतो, घट्ट आणि एकटा. सोळावा बार संपतो, आणि पुढच्या समेवर दोन्ही हात एकदम फिरतात: डाव्या हाताने जुन्याचा लो डावीकडे, उजव्या हाताने नव्याचा लो बारावर. बारावर आल्यावर नॉबला जी बारीकशी खाच लागते ना, ती बोटाला जाणवली की थांबायचं. त्याच्या पुढे नाही.

या अदलाबदलीचा वेग गाण्यावर ठरतो. किक कोरडी आणि आखूड असेल तर मी एका मात्रेत अदलाबदल करते. लांबलचक लोंबकळणारी बेसलाइन असेल तर असा झटका टोचतो, तिथे दोन-चार बार घेऊन एक नॉब जितका खाली तितकाच दुसरा वर, असं तराजूसारखं. मला सगळ्यात आवडणारा प्रकार मात्र तिसराच. सम यायच्या एक बार आधी जुन्याचा लो काढून घ्यायचा. चार मात्रा, दोन सेकंदांहूनही कमी, तळ रिकामा. त्या चार मात्रांत समोरच्यांना आपण काय गमावलंय ते कळतंही नाही, पण शरीर वाट बघायला लागतं. आणि समेवर नव्या गाण्याचा बेस येतो तेव्हा तो मूळ आवाजाहून मोठा वाटतो, नॉब एक तसूभरही जास्त न फिरवता. हे दर मिक्सला केलं तर त्याची किंमत जाते. एका सेटमध्ये तीन-चारदा पुरे.

बेसबद्दल सगळेच बोलतात. शिकवायला कोणीही बसलं की पहिला धडा बेसचाच असतो, आणि तो बरोबरच आहे. पण चांगला मिक्स आणि नुसता बिनचूक मिक्स यांतला फरक मिडमध्ये असतो, असं माझं ठाम मत आहे. गायकाचा आवाज, सिंथची धून, पियानो, स्नेअरचं अंग, सगळं तिथे. गाणं ओळखू येतं ते मिडमुळे. माणसाचा कानही साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो, त्यामुळे तिथला थोडासा गोंधळसुद्धा लगेच खटकतो, कशामुळे खटकलं ते ऐकणाऱ्याला सांगता आलं नाही तरी.

दोन गायक एकाच वेळी बोलायला लागले की मिक्स मोडतो. हे टाळायला ईक्यू दुसऱ्या नंबरवर येतो, पहिल्या नंबरवर गाणं पाठ असणं. मी प्रत्येक गाण्याच्या माहितीच्या रकान्यात दोन वेळा लिहून ठेवते: पहिला शब्द कुठे येतो आणि शेवटचा शब्द कुठे संपतो. नवं गाणं ५८व्या सेकंदाला गायला लागणार असेल, तर त्याच्या आधी जुन्या गाण्याचा मिड नऊपर्यंत आलेलाच असला पाहिजे. शब्द सुरू झाल्यावर घाईने नॉब फिरवणं म्हणजे पाहुणा दारात उभा असताना खुर्चीवरचे कपडे उचलणं.

मिड मात्र लोसारखा पूर्ण काढू नये, निदान दोन्ही गाणी ऐकू येत असताना तरी नाही. लो काढला तर गाणं हलकं होतं. मिड काढला तर गाणं मरतं, डब्यातून आल्यासारखं टक-टक तेवढं उरतं. मी बारावरून दहावर, फार तर नऊवर आणते. एवढ्यानेही जागा होते. पट्टी न जुळणाऱ्या दोन गाण्यांतही मिड थोडा खाली घेतल्याने भांडण कमी होतं, कारण धून तिथेच असते. पण फार लांब ओढायचं नाही. पट्ट्या खरंच एकमेकींना टोचत असतील तर ईक्यू त्यावर पांघरूण घालू शकत नाही, तिथे मिक्स आठ बारांत उरकलेला बरा.

हायबद्दल थोडक्यात: दोन हॅट एकावर एक चढल्या की तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चरचराट होतो, आणि तो मोठ्या आवाजात कान लवकर थकवतो. नव्याचा हाय थोडा खाली ठेवून आणायचा आणि जुन्याचा उतरवत न्यायचा. एवढंच.

आता गेन, म्हणजे गाणं मिक्सरमध्ये किती जोरात येतं ते ठरवणारा नॉब. हा ईक्यू नाही, पण गेन चुकला की ईक्यूचं सगळं कौशल्य वाया जातं. माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगायलाच हवी. घाईत मी नव्या गाण्याचा लो आधी कापला आणि मग मीटर बघून गेन लावला. मीटर कमी दाखवत होता, म्हणून गेन वाढवला. साहजिकच होतं, मीटरवरचा मोठा वाटा किक आणि बेसचा असतो, आणि तोच मी काढून ठेवला होता. समेवर लो परत बारावर आणला आणि मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा मीटर, थेट लाल. त्या जागेच्या यंत्रणेत आवाज मर्यादेपुढे जाऊ न देणारा लिमिटर होता, त्याने आख्खा आवाज दाबून धरला, आणि प्रत्येक किकला बाकीचं संगीत आत ओढलं गेल्यासारखं वाटायला लागलं. साउंड सांभाळणारा माणूस धावत आला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. तेव्हापासून क्रम पक्का: तिन्ही नॉब बारावर, गाण्याचा सगळ्यात भरलेला भाग हेडफोनमध्ये, त्यावर गेन, आणि मगच कापाकापी. इंट्रोवर गेन लावायचा नाही, इंट्रो नेहमीच फसवतो. जुनी गाणी हळू मास्टर केलेली असतात, आताची फार जोरात, त्यामुळे प्रत्येक गाण्याला वेगळा गेन लागतोच.

बारापुढे नॉब नेण्याबद्दल माझं मत कडक आहे. बऱ्याच मिक्सरवर वर जायला ६ डेसिबल मिळतात, आणि ६ डेसिबल म्हणजे लहरीची उंची दुप्पट. मी ते जवळपास वापरतच नाही. एखाद्या गाण्याचा बेस कमी वाटला तर आधी दुसऱ्याचा कमी करून बघते. दहापैकी नऊ वेळा तेवढ्यानेच भागतं. उरलेला अपवाद म्हणजे जुनं, पातळ रेकॉर्डिंग, त्याला एकावर नेलं तर चालतं.

मिक्सर बदलला की हात गोंधळतात, हे कोणी आधी सांगत नाही. पायोनियरच्या डीजेएम-९००एनएक्सएस२ वर एक छोटा स्विच असतो, ईक्यू आणि आयसोलेटर असा. ईक्यूवर ठेवला तर नॉब पूर्ण डावीकडे नेल्यावर २६ डेसिबल कमी होतात, म्हणजे लहरीची उंची साधारण विसाव्या भागावर येते, पण आवाज पूर्ण जात नाही. आयसोलेटरवर ठेवला तर तो पट्टा शून्य होतो. तिन्ही नॉब डावीकडे नेले तर पूर्ण शांतता. मला लांब मिक्ससाठी ईक्यू बरा वाटतो, थोडं मागे उरलेलं गाणं कानाला आधार देतं. झटक्यात तळ काढायचा असेल तिथे आयसोलेटर. ॲलन अँड हीथच्या एक्सोन:९२ वर तर तीनऐवजी चार पट्टे आहेत, मिडचे दोन भाग. पहिल्यांदा त्यावर वाजवलं तेव्हा माझा हात सवयीने चुकीच्या नॉबवर जायचा. पण दोन मिड एकदा हाताला बसले की गायकाचा आवाज तसाच ठेवून खालची सिंथची जाडी कमी करता येते. तीन नॉबवर ते जमत नाही.

गाण्याचे पट्टे वेगळे करून वाजवण्याची ही हौस नवी नाही. न्यूयॉर्कच्या पॅरडाइज गॅरेज या क्लबमध्ये, १९७७ ते १९८७ या काळात, डीजे लॅरी लेव्हन आख्ख्या हॉलचा बेस काढून घ्यायचा आणि परत द्यायचा. ती ध्वनियंत्रणा रिचर्ड लाँगने उभी केली होती. तिथे तो गाणी जोडण्यापुरता प्रश्न नव्हता, एकाच गाण्याला उलगडून दाखवायचा होता. मला हे आवडतं. मिक्स चालू नसतानाही ईक्यूला हात लावता येतो, ही गोष्ट मी त्याच्याबद्दल वाचून शिकले.

फिल्टरचा नॉब ईक्यूच्या जागी वापरणारे बरेच दिसतात. हाय-पास फिल्टर फिरवला की बेस जातो हे खरं, पण पुढे फिरवत राहिलं तर तो मिडही खात जातो, आणि रेझोनन्स (कडेच्या सुराचा उठाव) जास्त असेल तर कडेला एक शिट्टीसारखा सूर उगवतो. तो ऐकणाऱ्याला कळतो. फिल्टर हा प्रसंग घडवायला चांगला, कोणाला कळू न देता जागा करायला नाही.

आणखी एक गोष्ट, घरी सराव करणाऱ्यांसाठी. हळू आवाजात माणसाच्या कानाला बेस कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली हे मोजून मांडलं. म्हणजे रात्री शेजाऱ्यांची झोप सांभाळत सराव करताना बेस पातळ वाटतो, हात लो वाढवायला जातो, आणि तीच सवय मोठ्या यंत्रणेवर घातक ठरते. मी सुरुवातीला यात पुरती अडकले होते. आता हळू आवाजात सराव करताना लो बारापुढे न्यायचा नाही असं हाताला बजावून ठेवलंय, आणि महिन्यातून एक-दोनदा तरी मोठ्या आवाजात तेच मिक्स तपासून घेते. बूथमध्येही, म्हणजे डीजे उभा राहतो त्या जागीही, हेच लक्षात ठेवावं लागतं. तिथल्या मॉनिटर स्पीकरमधून जो बेस येतो तो समोरच्या हॉलमधला नसतो. सेटच्या आधी हॉलच्या मधोमध जाऊन एक ओळखीचं गाणं पूर्ण ऐकते, मग कान त्या जागेला सरावतो.

सरावाचा म्हणाल तर एकच प्रकार मला खरंच उपयोगी पडला. दोन्ही फेडर पूर्ण वर ठेवायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. फक्त सहा नॉब. एका गाण्यातून दुसऱ्यात जायचं ते तेवढ्यावरच. पहिल्या आठवड्यात सगळा गोंगाट होतो. दुसऱ्या आठवड्यापासून कान पट्टे वेगळे ऐकायला लागतो: हे याचं, ते त्याचं. स्क्रीनवरचे रंगीत आलेखही मी या वेळी झाकून ठेवते. किकची जागा डोळ्यांना दिसत राहिली की कान मागे बसतो.

तर ती दोन गाणी. परवाचं रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर मी तीच जोडी परत लावली, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. नव्याचा लो शून्यावर, मिड नऊच्या थोडा पुढे. पहिले १६ बार फक्त त्याचा शेकर आणि दुरून येणारा ऑर्गन. त्यातला शेवटचा बार तळ रिकामा, मग सम, अदलाबदल. जुन्याचा मिड पुढच्या आठ बारांत उतरवला, कारण नव्यातली गायिका त्या समेपासून नवव्या बारला सुरू होते हे मी आता लिहून ठेवलंय. ती सुरू झाली तेव्हा तिच्या भोवती कोणी नव्हतं.

तेही रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी ऐकलं. किक नेमकी कुठे बदलली ते पहिल्या ऐकण्यात मला सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं, तेही कुठे शोधायचं ते ठाऊक होतं म्हणून.